टाकीत काय भरलंय ते आधी लिहून माग

बाळा,

परवा तू सावद्याहून फोन केला की आप्पा, कंपनी आता केळीवर फवारायचे ड्रोन सोडून लष्कराचं काम घेणारे, टाकीत जे जाईल त्याने जीव जात नाही म्हणे, मग विचारायचं तरी काय? तेव्हापासून डोकं तापलंय माझं.

अरे, साध्या कीटकनाशकाच्या बाटलीवर लाल-पिवळा-निळा-हिरवा त्रिकोण असतो, तो बघितल्याशिवाय तू झाकण उघडत नाहीस. मग इथे कसा गप्प बसतोस? टाकीत काय भरलंय ते लिहून माग.

'जीव जात नाही' हे कोण ठरवतं? २००२ मध्ये मॉस्कोच्या थिएटरात ओलिसांना सोडवायला झोपवणारा वायू सोडला, सव्वाशेच्या आसपास ओलिस गेले, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांना वायूचं नावच सांगितलं नव्हतं! नाव कळलं असतं तर काही जण तरी वाचले असते ना रे.

१९९७ पासून लागू असलेल्या रासायनिक शस्त्रांच्या करारात अश्रुधूर लढाईत वापरायला बंदी आहे, पोलिसांना दंगलीत चालतो. म्हणजे ड्रोन तोच, टाकी तीच, कोण उडवतं आणि कुठे यावर सगळं. २०२४ च्या फेब्रुवारीत पंजाब-हरियाणाच्या शंभू बॉर्डरवर आंदोलक शेतकऱ्यांवर ड्रोनमधून अश्रुधूर पडला, तो पोलिसांचा होता. उद्या तुझा कुठे जाईल, आहे माहीत?

गुपित गुपित म्हणतील. मी काय रेंज नि फ्रिक्वेन्सी मागतोय का? रसायनाचं नाव, डोस, डोळ्यात गेलं तर काय करायचं, एवढंच. दंगलीसाठी ठेवलेल्या रसायनांची नावं त्या करारानुसार देशांना हेगला, म्हणजे करार सांभाळणाऱ्या संस्थेच्या नेदरलँड्समधल्या कचेरीला, कळवावीच लागतात. हेगला चालतं, मग जळगावच्या सिव्हिलला का नाही?

मी गोडाऊनला होतो तेव्हा लेबल नसलेले ड्रम आले, मी रजिस्टरवर सही केली. आठवड्याने हमालाचे डोळे गेले, डॉक्टर विचारतो काय होतं ड्रममध्ये, मी खाली मान घालून. पोरीच्या डीएडचं वर्ष होतं, विचारलं असतं तर घरी बसवलं असतं, तू काय केलं असतंस सांग? सोपं नव्हतं ते. पण सही माझीच होती.

नोकरी सोड असं मी म्हणत नाहीये, लगेच तोंड पाडू नको. मेल टाक, तोंडी उत्तर घेऊ नको, टाकीत काय ते लिहून दे म्हणावं.

रविवारी ये, कळण्याची भाकरी नि ठेचा आहे. कंपनी जे लिहून देईल त्या कागदाची झेरॉक्स आण, आणि तोवर कशावरही सही करू नको.

आप्पा