२०२४ वायआर४ हा लघुग्रह पृथ्वीवर आदळण्याची शक्यता आधी वाढत गेली आणि मग एकदम नाहीशी झाली. शास्त्रज्ञांचं गणित आधी चुकलं होतं का?

नाही, चुकलं नव्हतं. गणित बरोबर चाललेलं असतं तेव्हाही आकडा असाच चढतो आणि असाच कोसळतो. मी काही वर्षं लघुग्रहांच्या जागा मोजण्याचं काम केलं आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

हा लघुग्रह २७ डिसेंबर २०२४ रोजी चिलीतल्या ॲटलास दुर्बिणीला सापडला. तोवर तो पृथ्वीजवळून जाऊन दोन दिवस झाले होते, म्हणजे रोज लांब आणि अंधुक होत चालला होता. जानेवारीच्या अखेरीस, २२ डिसेंबर २०३२ रोजी तो आदळण्याची शक्यता १ टक्क्यावर गेली. १८ फेब्रुवारी २०२५ ला नासाचा आकडा ३.१ टक्के झाला आणि पुढच्या आठवडाभरात तो ०.००४ टक्क्यावर आला. ‘धोका टळला’ असे मथळे तेव्हा सगळीकडे झळकले. खरं तर त्या आठवड्यात टळलं काहीच नाही. दगड आपल्या वाटेनेच जात होता, ती वाट आपल्याला जास्त नेमकी कळली एवढंच.

आता आकडा आधी वाढला का, ते पाहू. थोड्याच दिवसांची निरीक्षणं हाताशी असली की आठ वर्षांनंतर लघुग्रह नेमका कुठे असेल हे सांगता येत नाही. सांगता येतो तो एक लांबलचक पट्टा: या पट्ट्यात कुठेतरी असेल. समजा पट्टा १० लाख किलोमीटर लांब आहे आणि पृथ्वी त्याच्या आत येते. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर, म्हणजे पट्ट्याचा साधारण १.३ टक्के भाग. नवी निरीक्षणं आली, पट्टा आखडून ४ लाख किलोमीटर झाला, पण पृथ्वी अजून आतच आहे. आता तोच व्यास ३.२ टक्के भरतो. पृथ्वी तेवढीच, दगड तोच, तरी आकडा दुपटीहून वर. पट्टा आणखी आखडतो आणि एक दिवस त्याचं टोक पृथ्वीच्या अलीकडे सरकतं. त्या दिवशी आकडा कोसळतो. (खरा हिशेब यापेक्षा गुंतागुंतीचा असतो, कारण पट्ट्यातल्या सगळ्या जागा सारख्याच संभाव्य नसतात. पण मर्म हेच.) ज्या लघुग्रहांची टक्कर होणार नसते त्यांतल्याही अनेकांचा आकडा आधी चढतो तो यामुळे.

पट्टा आखडायचा म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं? काही मिनिटांच्या अंतराने फोटो घ्यायचे, सरकणारा ठिपका शोधायचा, ताऱ्यांच्या जागा मोजणाऱ्या गाया उपग्रहाच्या यादीतल्या ताऱ्यांच्या आधाराने त्याची जागा एका विकलेहूनही (विकला म्हणजे एका अंशाचा ३,६००वा भाग) बारीक मोजायची आणि ती जगभरच्या अशा नोंदी गोळा करणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरला कळवायची. यात घड्याळाला फार महत्त्व आहे. जवळून जाणारा वेगवान लघुग्रह एका सेकंदात एक विकलासुद्धा सरकतो. माझ्या एका रात्रीच्या सगळ्या नोंदी कक्षेपासून एकाच बाजूला सरकलेल्या दिसल्या होत्या. शोधता शोधता कळलं की फोटोवर वेळ नोंदवणारं घड्याळ जवळपास सेकंदभर मागे होतं. त्या सगळ्या नोंदी मी मागे घेतल्या. तेव्हापासून कुठलाही चढता आकडा पाहिला की मला त्यामागे अशा रात्री घालवणारी माणसं दिसतात. वायआर४ च्या वेळी तर १२ फेब्रुवारीला पौर्णिमा होती. चांदण्यात इतका अंधुक ठिपका टिपणं फार कठीण, त्यामुळे ते काही दिवस थांबावंच लागलं.

कधी कधी उत्तर जुन्या फोटोंत सापडतं. डिसेंबर २००४ मध्ये ॲपोफिस नावाच्या लघुग्रहाची २०२९ मध्ये आदळण्याची शक्यता २.७ टक्क्यांवर गेली होती. मग त्याच वर्षीच्या मार्चमधल्या काही फोटोंत, कुणाचं लक्ष न गेलेला तोच लघुग्रह सापडला. निरीक्षणांचा काळ वाढून नऊ महिन्यांचा झाला आणि २०२९ ची टक्कर बाद झाली. १३ एप्रिल २०२९ ला तो पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून जाईल.

‘मग खात्री होईपर्यंत आकडे जाहीरच करू नयेत’ असं म्हणणारे बरेच भेटतात. मला हे अजिबात पटत नाही. शक्यता १ टक्क्यावर गेली की आंतरराष्ट्रीय लघुग्रह इशारा जाळं सूचना काढतं, म्हणून तर जगभरच्या मोठ्या दुर्बिणींचा वेळ पटकन मिळतो. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने वायआर४ चा व्यास सुमारे ६० मीटर असल्याचं मोजलं. रशियातल्या चेल्याबिन्स्क शहरावर २०१३ मध्ये फुटलेला दगड साधारण २० मीटरचा होता आणि त्याने दीड हजारांच्या आसपास माणसं जखमी झाली. तो सूर्याच्या दिशेने आला, आधी कुणालाच दिसला नव्हता.

असे आकडे यापुढे जास्त वेळा कानावर येतील. व्हेरा रुबिन वेधशाळेने जून २०२५ मध्ये पहिले फोटो दाखवले, तेव्हा सुमारे दहा तासांच्या निरीक्षणांत २,१०४ नवे लघुग्रह सापडले होते, त्यांतले सात पृथ्वीजवळचे. पुढच्या बातमीच्या वेळी आदळण्याची शक्यता असलेल्या लघुग्रहांची नासाची ‘सेंट्री’ यादी उघडून पाहा, ती सगळ्यांना खुली आहे. लघुग्रहाच्या पानावर हिशेब किती दिवसांच्या निरीक्षणांवर केला आहे ते लिहिलेलं असतं. मी टक्क्यांच्या आधी तो आकडा वाचतो.