वाचकांचे प्रश्न : अपलोड झालेले चित्र पानावर का दिसत नाही?

प्रश्न : आमच्या गावातील सार्वजनिक वाचनालयासाठी मी जावा, जेएसपी (सर्व्हरवर पान तयार करण्याची पद्धत) आणि टॉमकॅट (ॲप्लिकेशन चालवणारा सर्व्हर) वापरून एक वेब ॲप्लिकेशन तयार केले आहे. ग्रंथपाल त्यात पुस्तकांची मुखपृष्ठे आणि सभासदांची छायाचित्रे अपलोड करतात. सुरुवातीला मी या फाइली ॲप्लिकेशनच्याच फोल्डरमध्ये ठेवत होतो. तेव्हा चित्रे नीट दिसत, परंतु नवी आवृत्ती सर्व्हरवर चढवली की आधीची सगळी चित्रे नाहीशी होत. म्हणून आता फाइली डी ड्राइव्हवरील एका फोल्डरमध्ये ठेवतो, त्यांचा पूर्ण मार्ग डेटाबेसमध्ये नोंदवतो आणि इमेज टॅगमध्ये तोच मार्ग छापतो. फाइल जागेवर असते, पण पानावर चित्र येत नाही. काय चुकते आहे?
(एक वाचक, जिल्हा सांगली)

उत्तर : आपल्या प्रश्नात दोन वेगळ्या अडचणी आहेत. त्या एकमेकींत मिसळल्यामुळे एक सोडवताना दुसरी उभी राहिली आहे. आधी आत्ताची अडचण पाहू.

इमेज टॅगमध्ये चित्र नसते, चित्राचा पत्ता असतो. ब्राउझर सर्वप्रथम पानाचा एचटीएमएल मजकूर मागवतो, तो वाचताना जिथे जिथे इमेज टॅग आढळतो तिथला पत्ता उचलतो आणि प्रत्येक पत्त्यासाठी सर्व्हरकडे स्वतंत्र विनंती पाठवतो. पानावर चाळीस मुखपृष्ठे असतील तर पानाच्या एका विनंतीपाठोपाठ आणखी चाळीस विनंत्या येतात. म्हणजे जेएसपीचे काम संपल्यानंतर चित्रांचे काम सुरू होते. आपण जो डी ड्राइव्हचा मार्ग छापता, तो सर्व्हरच्या डिस्कवरचा मार्ग आहे आणि ती डिस्क ब्राउझरला कधीच दिसत नाही. असा मार्ग मिळाला तर तो फार तर वाचकाच्या स्वतःच्या संगणकाकडे बोट दाखवतो, आणि संकेतस्थळावरून आलेल्या पानाला वाचकाच्या डिस्कवरील फाइल उघडू द्यायची नाही, असा ब्राउझरचा सुरक्षेचा नियम आहे. त्यामुळे सर्व्हर आणि ब्राउझर एकाच लॅपटॉपवर असले तरीही चित्र उमटत नाही.

आता आधीची अडचण. आपण बहुधा 'गेट रिअल पाथ' ही मेथड वापरून ॲप्लिकेशनच्या फोल्डरचा डिस्कवरील मार्ग मिळवत असाल आणि तिथे फाइल लिहीत असाल. तो फोल्डर टॉमकॅटने आपल्या वॉर फाइलमधून, म्हणजे संपूर्ण ॲप्लिकेशन बांधलेल्या एका फाइलमधून, उलगडलेला असतो. नवी वॉर फाइल चढवली की टॉमकॅट जुना फोल्डर काढून टाकतो आणि नव्या फाइलमधून पुन्हा उलगडतो. ग्रंथपालांनी अपलोड केलेली मुखपृष्ठे वॉर फाइलमध्ये नव्हतीच, म्हणून ती परत येत नाहीत. शिवाय वॉर फाइल न उलगडताच ॲप्लिकेशन चालवण्याची सोय टॉमकॅटमध्ये आहे आणि त्या स्थितीत ही मेथड मार्गाऐवजी 'नल' (म्हणजे काहीच नाही) परत करते. माझे स्पष्ट मत असे आहे की, अपलोड झालेल्या फाइलींसाठी ही मेथड वापरूच नये. ॲप्लिकेशन ही आपण लिहिलेली वस्तू आहे, ती केव्हाही नव्याने बांधता येते. मुखपृष्ठे आणि छायाचित्रे हा वाचनालयाचा ठेवा आहे, तो एकदा गेला की परत अपलोड करायला ग्रंथपालांनाच बसावे लागते. या दोन गोष्टी डिस्कवरही वेगळ्याच राहिल्या पाहिजेत.

तेव्हा फाइली बाहेरच्या फोल्डरमध्ये ठेवण्याचा आपला दुसरा निर्णय योग्यच आहे. फक्त त्या फोल्डरला वेबवरचा पत्ता द्यायचे राहिले आहे. हे दोन प्रकारे करता येते आणि आपल्याकडे दोन्ही प्रकारांना जागा आहे.

मुखपृष्ठे कोणीही पाहिली तरी हरकत नाही. त्यांच्यासाठी टॉमकॅटच्या सर्व्हर डॉट एक्सएमएल या सेटिंगच्या फाइलमध्ये एक 'कॉन्टेक्स्ट' (वेबवरचा पत्ता आणि फोल्डर यांची जोडणी) जोडावा, त्याच्या 'डॉक बेस'मध्ये बाहेरच्या फोल्डरचा मार्ग द्यावा आणि 'पाथ'मध्ये '/मुखपृष्ठे' यासारखा पत्ता द्यावा (प्रत्यक्षात तो रोमन अक्षरांत ठेवलेला बरा). त्यानंतर फाइली देणे, त्यांचा प्रकार सांगणे, न बदललेली फाइल पुन्हा न पाठवणे ही सगळी कामे टॉमकॅट स्वतःच करतो आणि आपल्याला एक ओळही लिहावी लागत नाही.

सभासदांच्या छायाचित्रांचे तसे नाही. सभासदांत शाळकरी मुलेही असतात, आणि त्यांची छायाचित्रे केवळ पत्ता माहीत आहे म्हणून कोणालाही दिसता कामा नयेत. त्यांच्यासाठी एक छोटा सर्व्हलेट, म्हणजे विनंती घेऊन उत्तर देणारा जावाचा क्लास, लिहावा. इमेज टॅगमध्ये त्या सर्व्हलेटचा पत्ता आणि त्यापुढे छायाचित्राचा क्रमांक छापावा. पत्त्याच्या सुरुवातीला ॲप्लिकेशनचा कॉन्टेक्स्ट पाथ जोडण्यास विसरू नये, अन्यथा मुख्य पानावर दिसणारे चित्र आतल्या पानावर दिसेनासे होते. सर्व्हलेटने प्रथम लॉगिन झालेल्या व्यक्तीला हे छायाचित्र पाहण्याचा अधिकार आहे का ते तपासावे, मग क्रमांकावरून डेटाबेसमधील फाइलचे नाव शोधावे, ते मूळ फोल्डरच्या मार्गाला जोडावे आणि फाइल नसेल तर ४०४ हे उत्तर द्यावे. फाइल असेल तर 'कॉन्टेंट टाइप' आणि 'कॉन्टेंट लेंग्थ' हे दोन हेडर भरावेत आणि २०११ साली आलेल्या जावा ७ पासून उपलब्ध असलेल्या 'फाइल्स' या क्लासमधील 'कॉपी' मेथडने फाइल थेट रिस्पॉन्सच्या आउटपुट स्ट्रीममध्ये सोडावी. येथे 'रायटर' वापरू नये. रायटर अक्षरांसाठी असतो, आणि चित्राचे बाइट अक्षरे समजून त्यातून पाठवले की चित्र बिघडते. हे काम जेएसपीमध्येही करू नये, कारण टॅगांच्या मधल्या रिकाम्या ओळीसुद्धा उत्तरात उतरतात आणि बऱ्याचदा 'आउटपुट स्ट्रीम आधीच घेतला आहे' अशी तक्रारही उमटते.

एक धोका आवर्जून सांगतो. पुष्कळ ठिकाणी पत्त्यातच फाइलचे नाव घेतात आणि ते जसेच्या तसे फोल्डरला जोडतात. मग एखाद्याने नावात दोन टिंबे आणि तिरकी रेघ पुन्हा पुन्हा लिहिली तर तो त्या फोल्डरमधून वर चढत जाऊन डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइलसुद्धा वाचू शकतो. क्रमांक वापरल्यास हा मार्ग बहुतांशी बंद होतो. नाव घ्यावेच लागले तर जोडलेला मार्ग 'नॉर्मलाइझ' करावा आणि तो अजूनही मूळ फोल्डरनेच सुरू होतो आहे याची खात्री करून मगच फाइल उघडावी.

डेटाबेसमध्ये पूर्ण मार्ग नोंदवणेही थांबवावे. तिथे फक्त फाइलचे नाव असावे आणि मूळ फोल्डर सर्व्हरच्या सेटिंगमधून वाचावा. उद्या डी ड्राइव्ह बदलला किंवा सर्व्हर उबंटू या लिनक्सवर नेला, तर एक सेटिंग बदलून काम भागते. उबंटूवर टॉमकॅट ९ हे तिथल्याच पॅकेजमधून बसवले, तर त्या सेवेला ठरावीक फोल्डरांतच लिहिण्याची मुभा असते. फोल्डरची मालकी बरोबर असूनही लिहिता येत नसेल, तर सिस्टिमडीच्या (लिनक्सवर सेवा चालवणाऱ्या व्यवस्थेच्या) सेवा फाइलमधील 'रीड राइट पाथ्स'मध्ये आपला फोल्डर जोडावा लागतो. हे माहीत नसल्यामुळे अनेकांचे दिवसच्या दिवस परवानग्या तपासण्यात जातात.

प्रश्न : मी चित्रे मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ब्लॉब प्रकारच्या (कच्चे बाइट ठेवणाऱ्या) रकान्यात साठवतो. लहान चित्रे पूर्ण दिसतात, पण मोबाइलवर काढलेल्या छायाचित्रांचा फक्त वरचा भाग दिसतो आणि खाली करडा पट्टा येतो. चूक दाखवण्याच्या कोडमध्ये आहे की साठवण्याच्या?
(एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : 'लहान चित्रे पूर्ण दिसतात' या आपल्या निरीक्षणातच उत्तर दडले आहे. मायएसक्यूएलच्या साध्या 'ब्लॉब' प्रकारात जास्तीत जास्त ६५,५३५ बाइट मावतात, म्हणजे ६४ केबीला एक बाइट कमी. मोबाइलवरचे छायाचित्र सहज काही एमबीचे असते. सर्व्हर 'स्ट्रिक्ट' पद्धतीने चालत नसेल, तर तो जेवढे मावते तेवढेच ठेवतो आणि उरलेले केवळ एक सूचना देऊन कापून टाकतो. साध्या जेपीईजी फाइलमध्ये चित्र वरून खाली साठवलेले असते, म्हणून कापलेल्या फाइलचा वरचा भाग उमटतो आणि खाली करडा रंग दिसतो. २०१५ साली आलेल्या ५.७ या आवृत्तीपासून स्ट्रिक्ट पद्धत मूळ सेटिंगमध्येच असते आणि अशा वेळी सरळ त्रुटी येते. तेव्हा आपला सर्व्हर त्याहून जुना असावा किंवा ती पद्धत कोणीतरी बंद केलेली असावी. ती सुरू करावी. रकान्याचा प्रकार 'मीडियमब्लॉब' करावा. त्यात १,६७,७७,२१५ बाइट, म्हणजे जवळपास १६ एमबी मावतात. आधीच कापली गेलेली छायाचित्रे मात्र पुन्हा अपलोड करण्यावाचून गत्यंतर नाही.

रकाना बदलल्यानंतरही चित्र अर्धेच आले, तर वाचणारे कोड तपासावे. इनपुट स्ट्रीमची 'रीड' मेथड एकदा बोलावली म्हणजे संपूर्ण चित्र हाती आले असे होत नाही. तिला त्या क्षणी जेवढे मिळते तेवढे ती देते. म्हणून ती उणे एक परत करीपर्यंत फिरत राहावे लागते आणि प्रत्येक फेरीत जेवढे बाइट वाचले तेवढेच पुढे लिहावे लागतात. जावा ९ पासून 'ट्रान्सफर टू' ही मेथड हेच काम एका ओळीत करते.

चित्रे डेटाबेसमध्ये असावीत की डिस्कवर, हेही आपण पुढे विचाराल, म्हणून सांगतो. नोंद आणि चित्र एकाच व्यवहारात साठवले जाणे आणि दोहोंचा बॅकअप एकत्र निघणे हा डेटाबेसचा मोठा फायदा आहे. काही शे छायाचित्रांच्या प्रकल्पासाठी तो पुरेसा आहे. चित्रे हजारोंनी वाढू लागली की बॅकअप जड होत जातो, आणि तेव्हा मी डिस्कच निवडेन. चित्र बेस ६४ करून (बाइट साध्या अक्षरांत लिहून) थेट पानातच घालण्याचा सल्ला आपल्याला मिळाला असेल. त्याने चित्राचा आकार एक तृतीयांशाने वाढतो, आणि चित्र पानाचाच भाग झाल्यामुळे ब्राउझरला ते वेगळे जपून ठेवता येत नाही. एखाद्या लहानशा खुणेपुरते ते ठीक आहे, छायाचित्रांसाठी नाही.

प्रश्न : फाइलचे नाव मराठीत असले की नव्या लिनक्स सर्व्हरवर चित्र दिसत नाही. विंडोजवर हेच ॲप्लिकेशन नीट चालत होते.
(एक वाचक, नागपूर)

उत्तर : मराठी नाव ब्राउझरपासून डिस्कपर्यंत जाताना किमान तीन ठिकाणी मोडू शकते. फॉर्ममधून येताना रिक्वेस्टचे कॅरेक्टर एन्कोडिंग (अक्षरे बाइटांत लिहिण्याची पद्धत) यूटीएफ-८ असे ठरवावे लागते, आणि तेही पहिला पॅरामीटर वाचण्याच्या आधी. पत्त्यातून येताना देवनागरीतील प्रत्येक चिन्हाचे यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट होतात आणि पत्त्यात त्यांची टक्क्याच्या खुणेसह नऊ अक्षरे होतात; टॉमकॅट ७ पर्यंत ही अक्षरे आयएसओ-८८५९-१ समजून उलगडली जात, टॉमकॅट ८ पासून यूटीएफ-८ समजून उलगडली जातात. तिसरे ठिकाण डिस्कचे आहे, आणि आपली अडचण मला तिथेच दिसते. लिनक्सवर जावा फाइलची नावे कोणत्या एन्कोडिंगमध्ये लिहील हे सेवेच्या भाषाविषयक सेटिंगवरून ठरते. ते सेटिंग नुसते 'सी' किंवा 'पॉसिक्स' असेल तर देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे पडतात किंवा मार्गच अवैध ठरतो. जावा १८ मध्ये यूटीएफ-८ हे मूळ एन्कोडिंग झाले असले तरी फाइलच्या नावांचा हा नियम त्याने बदललेला नाही.

हे सर्व दुरुस्त करता येते. तरीही माझा आग्रह आहे की डिस्कवरील नाव मराठीत ठेवूच नये. 'पायऱ्या' हा शब्द घ्या. त्यातील 'ऱ' एका स्वतंत्र चिन्हाने लिहिता येतो, किंवा 'र' आणि नुक्ता मिळून लिहिता येतो. आणि ते जोडाक्षर साधा 'र', हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक वापरूनही टंकता येते. डोळ्यांना तिन्ही सारखेच दिसतात, डिस्कच्या दृष्टीने ती तीन निरनिराळी नावे आहेत. युनिकोडच्या नॉर्मलायझेशनने पहिली दोन एक होतात, तिसरे वेगळेच राहते. म्हणून फाइलला डेटाबेसमधील क्रमांकाचे किंवा यूयूआयडीचे (आपोआप तयार होणाऱ्या एकमेव ओळखखुणेचे) नाव द्यावे आणि वापरकर्त्याने दिलेले मराठी नाव डेटाबेसच्या वेगळ्या रकान्यात शीर्षक म्हणून जपावे. ते पानावर अवश्य दाखवावे, इमेज टॅगच्या 'आल्ट'मध्येही घालावे, म्हणजे पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या वाचकालाही ते मराठीत ऐकू येते.

प्रश्न : प्राइमफेसेस या जावातील तयार वेब घटकांच्या संचाच्या तक्त्यात प्रत्येक ओळीसमोर डेटाबेसमधील चित्र दाखवायचे आहे. एकटे चित्र दिसते, तक्त्यात मात्र सगळ्या जागा रिकाम्या राहतात.
(एक वाचक, पणजी)

उत्तर : पहिल्या उत्तरातील स्वतंत्र विनंतीचाच हा प्रकार आहे. पान तयार होताना चित्र देणारी गेटर मेथड एकदा बोलावली जाते आणि ब्राउझर प्रत्यक्ष चित्र मागतो तेव्हा दुसऱ्यांदा. दुसऱ्या वेळी तक्ता, त्याची ओळ आणि त्या ओळीचे चल यांपैकी काहीच अस्तित्वात नसते. म्हणून ओळीतील नोंदीचा क्रमांक 'एफ पॅरम' या टॅगने चित्राला जोडावा, गेटर ॲप्लिकेशन स्कोपच्या बीनमध्ये (ॲप्लिकेशन चालू असेपर्यंत टिकणाऱ्या ऑब्जेक्टमध्ये) ठेवावा, पान तयार होण्याच्या टप्प्यात रिकामा स्ट्रीम्ड कॉन्टेंट परत करावा आणि दुसऱ्या वेळी विनंतीतून क्रमांक वाचून डेटाबेसमधील चित्र द्यावे. त्या दुसऱ्या विनंतीत पाहणाऱ्याचा अधिकार तपासण्याची जबाबदारीही याच गेटरवर येते.