मास इफेक्ट २ हा व्हिडिओ गेम संपवला. सगळे साथीदार लॉयल होते, तरी त्यांतला मॉर्डिन मेला. मागची सेव्ह लोड करू की तसाच तिसऱ्या भागात जाऊ?

आधी सरळ उत्तर देते: सेव्ह लोड करू नका. मॉर्डिन गेला तो गेला, तसेच तिसऱ्या भागात जा. का, ते सविस्तर सांगते, कारण तुम्हाला रात्रभर झोप लागली नाही हे वाचून मला २०१२ चा उन्हाळा आठवला.

(हा गेम ज्यांनी खेळलेला नाही त्यांनी इथेच थांबावं. दुसऱ्या भागाचा शेवट उघड करून बोलणार आहे. तिसऱ्या भागातलं महत्त्वाचं काही फोडणार नाही.)

तुम्ही लिहिलंय की बाराही साथीदार गोळा केले, बाराही जणांची लॉयल्टी मिशन्स (प्रत्येकाचं खासगी काम, जे केलं की तो तुमच्याशी एकनिष्ठ होतो) केली आणि जहाजाचं चिलखत, शील्ड, तोफ अशी तिन्ही अपग्रेड्स घेतली. शेवटच्या मोहिमेत, म्हणजे कलेक्टर या परग्रहवासी शत्रूंच्या तळावर, नळीतून टॅलीला पाठवलं, दुसऱ्या तुकडीचं नेतृत्व गॅरसला दिलं, कीटकांसारख्या थव्यांपासून वाचवायला समारा, सोडवलेल्या क्रूला जहाजापर्यंत पोचवायला झाईद, आणि शेवटच्या लढाईला सोबत गॅरस आणि ग्रंट. यातली एकही निवड वेडीवाकडी नाही. मग मॉर्डिन का मेला?

तुम्ही शेवटच्या खोलीत लढत असता तेव्हा उरलेले साथीदार मागे दार अडवून उभे असतात. त्यांच्यातल्या प्रत्येकाला गेमने एक आकडा दिलेला आहे. तो पडद्यावर कुठेच दिसत नाही. ग्रंट, झाईद आणि गॅरस यांना ४. मिरांडा, जेकब, समारा, लीजन, थेन यांना २. जॅक, टॅली, कासुमी आणि मॉर्डिन यांना फक्त १. लॉयल नसेल त्याचा एक कमी होतो, पण तो प्रश्न तुमच्याकडे नव्हता. मागे थांबलेल्यांची सरासरी काढली जाते. पाच किंवा जास्त माणसं असतील तर सरासरी निदान २ हवी. २ च्या खाली आली की कोणीतरी जातं, आणि कोण जाणार याचा क्रमही ठरलेला आहे. त्या यादीत सगळ्यात वर मॉर्डिन, मग टॅली.

तुमचा हिशेब करून पाहिला. मागे नऊ जण होते: एकचे चार आणि दोनचे पाच, म्हणजे एकूण १४. भागिले नऊ, साधारण १.५६. एक बळी, आणि पहिलं नाव मॉर्डिनचं.

मॉर्डिनला क्रूसोबत पाठवून झाईदला मागे ठेवलं असतं तर? मीही आधी तेच म्हणणार होते. बेरीज १७ होते, सरासरी १.८९. तरी एक जण गेलाच असता, आणि यादीप्रमाणे ती टॅली असती. तुमचा नेमका डाव सुधारायचा तर गॅरस आणि ग्रंटला दारावर उभं करून मॉर्डिन आणि टॅलीला स्वतःसोबत न्यायला हवं होतं. मग सरासरी २.२२ आणि सगळे जिवंत.

म्हणजे हा गेम शेवटच्या क्षणी तुमच्याकडून काय मागतो, ते बघा. तीस-चाळीस तास ज्या दोघांच्या भरवशावर लढलात, त्यांना तिथेच मागे सोडा, आणि ज्यांचं अंग लढाईचं नाही त्यांना घेऊन पुढे जा. तुम्ही उलट केलंत. सगळ्यात मोठ्या संकटात आपली सगळ्यात भरवशाची माणसं जवळ ठेवलीत. तुमच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. किंबहुना केलंच होतं.

मार्च २०१२ मध्ये तिसरा भाग आला आणि त्याच्या शेवटावरून जगभर गदारोळ उठला, तेव्हा मी अजून पहिल्या भागातच होते. परीक्षा संपल्या होत्या. घरी एक जुना, सेकंडहँड कॉम्प्युटर होता, आणि तो माझ्याइतकाच धाकट्या भावाचाही होता. दुपारी भारनियमन असायचं आणि यूपीएस जेमतेम दहा मिनिटं तग धरायचा. त्यामुळे मी सतत सेव्ह करायचे, आणि लाइट जायच्या वेळा पाठ असल्याने कुठलं मिशन कधी सुरू करायचं हेही ठरलेलं असायचं. भाऊ शेजारी स्टुलावर बसून बघायचा. कुठल्या ग्रहावर किती खनिज आहे ते स्कॅन करण्याचं काम त्याच्याकडे होतं. ते इतकं कंटाळवाणं होतं की दुसरं कोणी केलंच नसतं, पण तो मनापासून करायचा.

कलेक्टर आपल्या नॉर्मंडी या जहाजावर हल्ला करून क्रूला पळवून नेतात, तिथवर आम्ही पोचलो. थेनच्या मुलाचं काम राहिलं होतं, लीजनचं राहिलं होतं. मला वाटलं ती दोन्ही उरकून घेऊ आणि मग निघू. इतर रोल-प्लेइंग गेम्सनी ही सवयच लावलेली असते. राजा म्हणतो लगेच या, राक्षस उद्या गाव जाळणार आहे. आणि आपण महिनाभर जंगलात झाडपाला गोळा करत फिरतो. राक्षस वाट बघतो. मास इफेक्ट २ मध्ये वाट बघत नाहीत. क्रू पळवल्यावर लगेच निघालात तर सगळे वाचतात. एक ते तीन मिशन्स करत बसलात तर निम्मे जातात. त्याहून उशीर केलात तर फक्त डॉक्टर चाकवास उरतात.

मी दोन केली. तळावर पोचलो तेव्हा केली चेंबर्स काचेच्या कोशात होती, आणि आमच्या डोळ्यांदेखत ती विरघळली. केली म्हणजे रोज सकाळी मला निरोप सांगणारी, माझ्या केबिनमधल्या माशांना खाऊ घालणारी मुलगी. भाऊ स्टुलावरून उठून बाहेर निघून गेला. मी पॉज केलं नाही, कारण पॉज करून होणार काय होतं? आणि त्याच रात्री, शेवटच्या दारावर, गॅरस आणि ग्रंटला सोबत घेऊन मी पुढे गेले, आणि मॉर्डिन गेला. तुमच्यासारखाच. माझ्याकडे झाईद आणि कासुमी नव्हते, पण बेरजेने तेच केलं.

आता तुमचा दुसरा प्रश्न: एका बेडकासारख्या दिसणाऱ्या पात्रासाठी एवढं वाईट का वाटावं. मला वाटतं त्याचं कारण मॉर्डिन ज्या रीतीने लिहिला आहे त्यात आहे. तो पहिल्यांदा भेटतो ओमेगा या अंतराळस्थानकावर, साथ पसरलेल्या वस्तीत, दवाखान्यात. अर्धवट वाक्यं, श्वास न घेता विचार, सर्वनामं गाळलेली. वाटतं, विनोदासाठी ठेवलेला माणूस आहे. लॅबमध्ये गाणंसुद्धा म्हणतो. मग क्रोगन या परग्रहवासी लोकांच्या तुचांका ग्रहावर त्याचं लॉयल्टी मिशन येतं. क्रोगन लोकांच्या हजार गर्भांतला जेमतेम एक जगेल असा जेनोफेज नावाचा रोग सॅलेरियनांनी, म्हणजे मॉर्डिनच्याच लोकांनी, शेकडो वर्षांपूर्वी बनवला होता, आणि क्रोगन त्याला सरावू लागले तेव्हा तो पुन्हा धारदार करणाऱ्या पथकात हाच गाणारा डॉक्टर होता. तिथे एका मेलेल्या क्रोगन स्त्रीसमोर तो थांबतो, प्रार्थना म्हणतो, आणि तरीही आपण केलं ते बरोबरच होतं असं तुम्हाला पटवू लागतो. आकडे देतो, शक्यता मांडतो. आवाज स्थिर, पण वाक्यं आणखी तुटक. त्याचाच विद्यार्थी मेलॉन समोर उभा असतो. गुरूने केलेल्या कामाचा अपराध मनावर घेऊन तो स्वतः तितकीच भयंकर गोष्ट करून बसलेला असतो.

सॅलेरियन फार तर चाळीसेक वर्षं जगतात. मॉर्डिन म्हातारा आहे आणि त्याला ते माहीत आहे. त्याच्या घाईला तो अर्थ आहे, हे मला त्याच्या मृत्यूनंतर लक्षात आलं. आणि त्याला शेवटचं वाक्यही मिळत नाही. नळीत कोणी मेलं तर निदान प्रसंग तरी असतो. दारावर मेलेल्याला निरोपसुद्धा नाही. जो माणूस एका मिनिटात तीनशे शब्द बोलेल असं वाटायचं तो न बोलता गेला. झोप न लागायला एवढं पुरेसं आहे. त्याचा चेहरा माणसाचा आहे की नाही याने काही फरक पडत नाही.

शेवटच्या त्या राक्षसाबद्दल काही लिहीत नाही. माणसाच्या सांगाड्याचा रीपर, म्हणजे महाकाय जिवंत यंत्र, ही कल्पना मला कधीच पटली नाही, आणि लढाईही साधीच आहे. गेमचा खरा शेवट त्याच्या आधीच्या दीड तासात आहे: कोणाला कुठे पाठवायचं, याचा.

काही दिवसांनी मी पुन्हा सुरुवातीपासून खेळले. वहीत आकडे लिहून घेतले होते, कोण ४ आणि कोण १. क्रू पळवल्याबरोबर निघाले, मॉर्डिनला क्रूसोबत पाठवलं, गॅरस आणि ग्रंटला दारावर ठेवलं. सगळे वाचले, केलीसुद्धा. आनंद झाला, खोटं कशाला सांगू. पण पहिल्या वेळी दार बंद होताना छातीत जे धडधडत होतं ते या वेळी अजिबात झालं नाही. मिरांडा म्हणाली की थवे रोखण्याचं काम कुठलाही बायोटिक (मनाच्या शक्तीने वस्तू हलवू शकणारा) करेल, तेव्हा पहिल्या खेळात मी तिच्या बोलण्यावर पाच मिनिटं विचार केला होता. जेकब नळीत जायला स्वतःहून पुढे आला तेव्हा त्याला नाही म्हणताना अवघडल्यासारखं झालं होतं. दुसऱ्या वेळी दोघांचं बोलणं मी बटण दाबून पुढे ढकललं, कारण उत्तर वहीत होतं.

तिसऱ्या भागात मी आधी पहिली सेव्ह नेली, ज्यात मॉर्डिन नव्हता. दुसरी, सगळे जिवंत असलेली, वर्षभराने नेली. मॉर्डिन जिवंत असेल तर तिसऱ्या भागात त्याच्या वाट्याला जे येतं ते या तिन्ही गेम्समधल्या सर्वोत्तम लेखनापैकी आहे, हे तुमच्यापासून लपवणं बरं नाही. ते तुम्ही कधीतरी बघाच. पण ते दुसऱ्या खेळासाठी ठेवा. २०२१ च्या लेजेंडरी एडिशनमध्ये तिन्ही भाग एकत्र आहेत, आणि हे गेम्स एकदाच खेळून सुटत नाहीत. पहिल्या वेळी तुमचा शेपर्ड, म्हणजे तुम्ही खेळता ते मुख्य पात्र, तोच असू दे ज्याने गॅरसला जवळ ठेवलं आणि त्याची किंमत मोजली. आज रात्री मागे जाऊन मॉर्डिनला मागून हलवून पुढे आणलंत, तर तो वाचेल, पण त्याच्याकडे बघताना तुम्हाला १ हा आकडा दिसेल. मला काही महिने दिसत होता.

तुमच्या सेव्हला तांत्रिक धोका काही नाही. निदान दोन साथीदार जिवंत असतील तरच शेपर्ड वाचतो, आणि शेपर्ड मेलेली सेव्ह पुढे नेता येत नाही. तुमचे अकरा आहेत. फक्त ती फाइल वेगळ्या स्लॉटमध्ये ठेवा.

आणि लगेच तिसरा भाग लावू नका. शेवटानंतरही नॉर्मंडीवर फिरता येतं. नॉर्मंडीचा जुना सांगाडा पडलेला बर्फाळ ग्रह केला नसेल तर करा. तिथे लढाई नाही, फक्त मेलेल्या वीस जणांची ओळखपत्रं शोधायची आहेत, आणि आत्ताच्या मनःस्थितीत ते योग्य ठरेल. मग शॅडो ब्रोकर हे जोड-मिशन, त्यात साथीदारांच्या गुप्त फाइली वाचायला मिळतात, घाई न करता वाचा. अरायव्हल हे दुसरं जोड-मिशन सगळ्यात शेवटी, कारण तिसऱ्या भागाची सुरुवात तिथून पकडते. मधल्या काळात एकदा लॅबमध्ये जा. टर्मिनल चालू असतं, अपग्रेड्स मिळतात, माणूस नसतो. मी तिथे बराच वेळ उभी राहिले होते, आणि भावाने लाइट जाईल म्हणून दोनदा आठवण केली होती.

तिसऱ्या भागात क्रोगन लोकांचं प्रकरण येईल तेव्हा मॉर्डिनच्या जागी दुसरा एक सॅलेरियन शास्त्रज्ञ येईल. त्याच्याशी नीट बोला, सगळे पर्याय संपेपर्यंत. त्याचं विश्वाबद्दलचं म्हणणं मॉर्डिनपेक्षा अगदी वेगळं आहे आणि ऐकण्यासारखं आहे. मी पहिल्या वेळी त्याला दोन वाक्यांत तोडून निघून आले होते, तो मॉर्डिन नाही एवढ्याच रागाने. त्यात त्या बिचाऱ्याचा काय दोष होता.