हळव्या, अबोल माणसाने मातीकाम शिकावं का?

तुम्ही विचारलंय की स्वभाव अबोल आणि हळवा आहे, ऑफिसातलं बोलणं रात्रीपर्यंत डोक्यात घोळत राहतं, तर नागपुरात मातीकाम शिकून मन शांत होईल का. माझं उत्तर हो आहे. मीही त्याच स्वभावाची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्यासारख्यांना मातीचा सर्वांत मोठा आधार हा, की भट्टीत जाईपर्यंत तिच्यात कायमचं काहीच नसतं. वाटी वाकडी झाली, सुकून कडक झाली, तरी फोडून पाण्यात टाकली की विरघळते आणि तीच माती मळून पुन्हा वापरता येते. भट्टीत साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान मातीच्या कणांत बांधलेलं पाणी निघून जातं, त्यानंतर ती पुन्हा मऊ होत नाही. त्याआधी सगळं मागे घेता येतं. एक वाक्य बोलून आठवडाभर तेच आठवत बसणाऱ्या माणसाला असं काम किती मोकळं करतं, ते करूनच कळेल. म्हणून आग्रहाने सांगते, सुरुवातीला काहीच भाजू नका. करा, बघा, मोडा, भिजवा.

चाकाची घाईही नको. गोळा चाकाच्या बरोबर मध्यावर आणणं, ज्याला सगळे सेंटरिंग म्हणतात, हे कोपर मांडीवर टेकवून, श्वास सांभाळून करायचं काम. हात झटक्यात काढला तरी भांडं डगमगतं. नवख्याचा गोळा चारचौघांत कलंडतो आणि आपल्याला धास्ती असते ती बघणाऱ्यांचीच. आधी हाताने करा. गोळ्यात अंगठा रोवून, चिमटीने कडा हळूहळू पातळ करत वाटी घडवा किंवा मातीच्या वळ्या एकावर एक रचा. जोड देताना दोन्ही बाजूंना ओरखडे काढून पातळ माती लावायची, नाहीतर सुकताना जोड सुटतो. पणती, पोळ्याचा बैल, एवढं पुरे. ओला चिखल हाताला नकोसा वाटत असेल, तर जरा घट्ट माती मागून घ्या. अशी माणसं बरीच असतात, त्यात संकोच नको.

अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३९ प्रौढांना ४५ मिनिटं माती, रंगीत पेन आणि कोलाजचं सामान दिलं होतं. सुमारे तीन चतुर्थांश लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, नंतर कमी झालं होतं. कलेचा आधीचा अनुभव असण्या-नसण्याने फरक पडला नाही. अभ्यास छोटा आहे, तुलनेला दुसरा गट नव्हता. त्यामुळे झोपच उडाली असेल तर समुपदेशकाला भेटाच, मातीकाम सोबत चालू ठेवा.

वर्ग निवडताना एका वेळी किती जण असतात ते विचारा आणि आधी तासभर नुसतं बसून बघायची परवानगी मागा. चांगल्या वर्गात प्रत्येकाची नजर आपल्या हातांवर असते. शेजारी माणूस असतो, पण त्याला उत्तर द्यावं लागत नाही. मला घरी एकटीने करण्यापेक्षा हे जास्त निववतं. पुढे गोडी लागली तर चंद्रपूरच्या वाटेवर भद्रावतीला ग्रामोदय संघ आहे, कुंभारकामासाठी तो ओळखला जातो. आपल्या शहरात उन्हाळ्याआधी माठ घडवणाऱ्या कुंभारांकडेही विचारून बसता येतं. ओल्या माठाला आतून आधार देत बाहेरून थापी मारून फुगवताना बघणं, हाही एक धडाच.

सुरुवात शक्यतो हिवाळ्यात करा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे कडा इतक्या भराभर सुकतात की तडे जातात, काम प्लॅस्टिकखाली झाकून ठेवावं लागतं. पावसाळ्यात उलट, वस्तू वाळता वाळत नाही आणि ओलसर असतानाच भट्टीत गेली तर वाफेने फुटते.

घरी करणार असाल तर सुकलेली माती झाडूने झाडू नका, तिची सिलिकायुक्त धूळ फुप्फुसांना वाईट. ओल्या फडक्याने पुसा. आणि हात बेसिनमध्ये न धुता बादलीत धुवा, नाहीतर पाइप तुंबतो.