युकेच्या हॉस्पिटलमधल्या नर्सेसचे आभार कसे मानावेत? पाकीट दिलं तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की वडील तुमच्याकडे इंग्लंडला आलेले असताना आजारी पडले, बरेच आठवडे वॉर्डात काढले, आता घरी सोडतायत आणि त्यांचं म्हणणं सगळ्या नर्सेसना पाकिटं द्यायची. तर पाकीट नकोच. रोख पैसे किंवा व्हाउचर त्यांना घेता येत नाही, उगाच त्या बिचाऱ्या अवघडतात. ५० पौंडांच्या वरची वस्तूसुद्धा स्वतःसाठी घ्यायची नाही असा तिथला नियम आहे. चॉकलेटं, बिस्किटं चालतात, पण सकाळी ठेवलेला डबा संध्याकाळपर्यंत फस्त होतो आणि रात्रपाळीवाल्यांना काही उरत नाही, म्हणून दोन डबे घ्या आणि एकावर ठळक 'नाइट स्टाफ' लिहा.

खरं द्यायचं ते पत्र. हे मी अनुभवाने सांगतोय. काही वर्षांपूर्वी मला तिकडे नोकरीला असताना जीबीएस झाला (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार, २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडच्या भागात ज्याची साथ आली तोच), आधी पाय गेले मग हात मग श्वास, आणि थेट आयसीयूत व्हेंटिलेटरवर. मला त्या काळातलं आठवतं ते एवढंच की मी मनमाड स्टेशनवर अडकलोय आणि गाडी काही येत नाहीये! आयसीयूत असे भास पुष्कळांना होतात म्हणे. पण तिथल्या नर्सेस माझ्या नावाची एक डायरी लिहीत होत्या, रोज चार ओळी, आज बायको येऊन गेली, आज लेकीने क्रिकेटचा स्कोअर वाचून दाखवला, आज बाहेर बर्फ पडतोय. पेशंट शुद्धीवर आला की मधले हरवलेले दिवस त्याला कळावेत म्हणून काही आयसीयूंत अशी डायरी ठेवतात. मी ती नंतर वाचली तेव्हा ढसाढसा रडलो, खोटं कशाला बोलू.

मग वॉर्डात आल्यावर हात चालत नव्हते तर मला गालाने दाबायची बेल लावून दिली. नुसती चादर घासली तरी अंगाची आग व्हायची आणि बेडसोर होऊ नयेत म्हणून रात्रीतून कितीतरी वेळा कुशीवर वळवायला लागायचं. ते काम करणारी हेल्थकेअर असिस्टंट फिलिपिन्सची होती, हात लावायच्या आधी दर वेळी सांगायची की आता खांदा धरते, आता पाय उचलते. एकदा पण न सांगता हात लावला नाही, पहाटे तीनला सुद्धा. केरळची एक सिस्टर होती ती जॅकेट पोटॅटो (सालासकट भाजलेला बटाटा) बघून माझं तोंड वाकडं झालं की किचनला फोन करून भात आहे का विचारायची. आपल्या घरचं माणूससुद्धा इतकं करताना वैतागेल हो.

तर पत्रात नुसतं 'सगळ्यांचे आभार' नको, नाव आणि काय केलं ते लिहा. त्याचा त्यांना खरोखर उपयोग होतो, कारण युकेत नर्सला दर तीन वर्षांनी आपलं रजिस्ट्रेशन रिव्हॅलिडेट, म्हणजे पुढे चालू ठेवायला नव्याने पक्कं, करावं लागतं आणि त्यात कामाबद्दलचे पाच फीडबॅक लागतात, पेशंटचं पत्र त्यात चालतं. पत्र वॉर्ड मॅनेजरच्या नावाने द्या आणि एक कॉपी हॉस्पिटलच्या पाल्स (PALS, पेशंटना मदत करणारं) ऑफिसला ईमेल करा. तक्रारी तिथे जातातच, कौतुकही जाऊ दे की.

शिवाय तिथे नर्सेससाठीचा डेझी अवॉर्ड आहे का तेही विचारा, खूप हॉस्पिटलांत असतो. अमेरिकेत १९९९ साली पॅट्रिक बार्न्स नावाचा तरुण गेला, त्याच्या घरच्यांनी त्याला सांभाळणाऱ्या नर्सेससाठी तो सुरू केला. पेशंट किंवा घरचे नाव सुचवू शकतात. अवॉर्डबरोबर सिनॅमन रोल वाटायची पद्धत आहे, कारण आजारपणात अन्नावरची वासना उडालेल्या पॅट्रिकने वडिलांचा रोल चाखला आणि उद्या माझ्यासाठी आण, नर्सेससाठी पण आण म्हणाला. मला हे अवॉर्डपेक्षा भारी वाटतं.

फक्त एक, डेझी मुळात नर्स आणि मिडवाइफसाठी. अंग पुसणारी, केस विंचरणारी असिस्टंट, चहाची ट्रॉली आणणारे काका, फरशी पुसता पुसता 'आज बरं वाटतंय का' विचारणारी बाई, यांची नावं कुणीच कुठे देत नाही. त्यांची पत्रात आधी घाला. बॅजवर पहिलं नाव असतं, डिस्चार्जच्या गडबडीत राहून जातं म्हणून आजच टिपून ठेवा.

आणि वडिलांना स्वतः काही लिहायचं असेल तर मराठीत लिहू द्या, खाली तुम्ही इंग्रजीत लिहा. वॉर्डचा नंबर आणि तारखा तेवढ्या टाका.