जुनी शस्त्रे : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : माझ्याकडे एक जुनी वाकडी तलवार आली आहे. मुठीच्या वरच्या टोकाला गोल चकती आहे, पाते जवळजवळ काळे पडले आहे आणि काही ठिकाणी तांबूस गंज दिसतो. एका कारागिराने आम्ल आणि बफिंगचे चाक वापरून ती एका दिवसात नव्यासारखी करून देण्याची तयारी दाखवली आहे. तसे करून घ्यावे का?

उत्तर : कृपया त्याला नकार कळवा. आपण केलेल्या वर्णनावरून तलवार भारतीय धाटणीची दिसते. मुठीवरची चकती, पकडीचा मधला फुगीर भाग आणि परजेपासून, म्हणजे मूठ आणि पाते यांमधल्या आडव्या आडोशापासून, पात्यावर उतरलेल्या दोन छोट्या जिभा या तिच्या खुणा आहेत. पात्यावर आपल्याला जे दिसते आहे त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांना एकच वागणूक देता येत नाही. बोट फिरवल्यावर गुळगुळीत लागणारा काळा किंवा गडद तपकिरी थर लोखंडावर वर्षानुवर्षे सावकाश जमलेला असतो. तो बहुधा स्थिर असतो आणि खालच्या धातूचे काही प्रमाणात रक्षणही करतो. बोटाला तांबूस भुकटी लागते तो भुसभुशीत गंज मात्र अजून जिवंत आहे आणि दमट हवेत पसरत जातो. काढायचा तो एवढाच.

त्यासाठी गंजलेल्या जागी पातळ खनिज तेलाचे थेंब लावून ते एक-दोन दिवस मुरू द्यावे, नंतर बांबूच्या चपट्या काडीने किंवा लोखंडापेक्षा मऊ असलेल्या पितळेच्या पट्टीने तो भाग हलकेच खरवडावा, मऊ कापडाने पुसावा आणि पुन्हा तेल लावावे. हे काम काही आठवडे चालते. तांबूस भुकटी येणे थांबले आणि खाली काळा थर दिसू लागला की थांबावे. तो काळा थर काढून खालचे पोलाद उजळवण्याचा मोह पुष्कळांना होतो आणि बहुतेक जुनी पाती गंजामुळे नव्हे तर या मोहामुळे खराब झालेली मला दिसली आहेत.

याचे कारण असे की पात्याविषयी जे काही कळू शकते ते जवळजवळ सगळे पृष्ठभागाच्या अगदी वरच्या थरात असते. कोफ्तगारीत पोलादावर बारीक आडव्या-उभ्या रेघा मारून त्यांवर सोन्याची तार ठोकून बसवलेली असते. तो सोन्याचा पापुद्रा इतका पातळ असतो की पॉलिशच्या कापडानेसुद्धा निघून जातो. शस्त्रागारांच्या खुणा आणखी नाजूक असतात. बिकानेरच्या शस्त्रागारातील अनेक शस्त्रांवर बारीक बिंदू ठोकून उमटवलेली देवनागरी अक्षरे आणि आकडे आढळतात, आणि गंजाखाली ते सहज लपून राहतात. संग्रहाच्या सुरुवातीच्या काळात मी स्वतः एका तलवारीची पाठ काचकागदाने घासून स्वच्छ केली होती. पुढे त्याच तलवारीचे आधीच्या मालकाने काढलेले छायाचित्र मिळाले तेव्हा त्यात मुठीजवळ अशा बिंदूंची एक ओळ दिसली. ती ओळ आता त्या छायाचित्रातच आहे, आणि तीही वाचण्याइतकी स्पष्ट नाही. म्हणून काहीही करण्यापूर्वी तिरप्या प्रकाशात पात्याच्या दोन्ही बाजूंची, पाठीची आणि परजेजवळच्या भागाची छायाचित्रे काढून ठेवावीत, एवढी विनंती मी प्रत्येकाला करतो.

प्रश्न : सरळ, दुधारी पात्यावर धावत्या लांडग्यासारखी आकृती आहे, मूठ मात्र भारतीय आहे. विकणारा तिला अस्सल म्हणतो, एक परिचित तिला जोडकाम म्हणतात. खरे काय?

उत्तर : दोघेही बरोबर असू शकतात. धावत्या लांडग्याची खूण आधी पासाऊच्या आणि नंतर झोलिंगेनच्या जर्मन कारागिरांनी वापरली. युरोपातून आलेल्या अशा पात्यांना दख्खनमध्ये आणि मराठी सैन्यात चांगली मागणी होती. त्यांवर स्थानिक मूठ बसवली की ती तलवार फिरंग म्हणून ओळखली जाई. म्हणजे पाते एका खंडातले आणि मूठ दुसऱ्या खंडातली असणे हा दोष मुळीच नाही. पाहायचे ते हे की दोन्ही भाग एकमेकांसोबत किती काळ राहिले आहेत. परजेच्या कडेशी साचलेली जुनी मळी, मुठीच्या जिभांखाली पात्यावर पडलेली झीज आणि दोन्हींवरील काळपटपणाचा सारखेपणा या गोष्टी जुन्या सहवासाची साक्ष देतात. मात्र केवळ खुणेवरून पाते युरोपीय ठरवू नये. लांडगा आणि जिनोव्हाच्या पात्यांवरची दातेरी चंद्रकोर या दोन्हींची नक्कल कॉकेशसपासून भारतापर्यंत अनेक ठिकाणी झाली, कारण त्या खुणा म्हणजे चांगल्या पात्याची हमी असे ग्राहक समजत असत.

प्रश्न : जौहरदार पाते कसे ओळखावे? हल्ली ‘दमास्कस’ नावाने विकली जाणारी पाती तीच का?

उत्तर : नाहीत, आणि हा फरक समजून घेण्यासारखा आहे. जौहरदार पोलाद मुशीत वितळवून केलेले असते आणि त्यात कर्बाचे प्रमाण साधारण १.५ टक्क्याच्या आसपास, म्हणजे नेहमीच्या पोलादापेक्षा बरेच जास्त असते. लोहाराने ते कमी तापमानाला सावकाश ठोकून लांबवले की लोह-कार्बाइडचे सूक्ष्म कण थराथरांनी ओळीत बसतात आणि सौम्य आम्ल लावल्यावर ते उजळ राहून बाकीचा भाग काळवंडतो. पाण्यावरच्या तरंगांसारखी जी नक्षी दिसते ती अशी पोलादाच्या आतूनच येते. धातुशास्त्रज्ञ जॉन व्हरहोव्हेन आणि लोहार अल्फ्रेड पेंड्रे यांनी १९९० च्या दशकात ही प्रक्रिया पुन्हा करून दाखवली आणि व्हॅनेडियमसारख्या धातूचा अत्यल्प अंश नसेल तर हे थर जमत नाहीत, असे त्यांच्या प्रयोगांतून दिसले. जुन्या कारागिरांना व्हॅनेडियम ठाऊक असण्याचे कारण नव्हते. विशिष्ट खाणीचे लोखंड चांगले ‘येते’ हे त्यांना ठाऊक होते. ती खनिजे संपली किंवा बदलली तेव्हा हातातली कलाही निरुपयोगी ठरली असावी, हे स्पष्टीकरण मला पटते.

हल्लीचे दमास्कस म्हणजे दोन प्रकारच्या पोलादाच्या पट्ट्या एकमेकींवर ठेवून, तापवून, ठोकून जोडलेले पाते. ती नक्षी मोठी, ठळक आणि बऱ्याचदा एकसारखी असते. भिंगातून पाहिले तर पट्ट्यांच्या सलग रेषा दिसतात. खऱ्या जौहरात मात्र तुटक, कणाकणांनी बनलेले धागे दिसतात. तिसरा प्रकार निव्वळ फसवणुकीचा आहे. साध्या पात्यावर मेणाने आकृती काढून ते आम्लात बुडवतात. अशी नक्षी पात्याच्या कडेवरून वळत नाही, पन्हळीत उतरताना बदलत नाही आणि जिथे धार झिजली आहे तिथे अचानक संपते.

इराणी पात्यांवरील सहीबद्दल एक गोष्ट याच ओघात सांगतो. इस्फहानच्या असदुल्लाहचे नाव इतक्या पात्यांवर आणि इतक्या वेगवेगळ्या काळच्या सनांसह आढळते की ती सगळी एका माणसाने घडवणे अशक्य आहे. आधी पोलाद पाहावे आणि सही मागाहून वाचावी.

प्रश्न : जपानी तलवारीची मूठ काढल्यावर आतल्या दांड्यावर कोरलेली अक्षरे दिसली, पण तो भाग खूप गंजला आहे. तो साफ करून अक्षरे स्पष्ट करावीत का?

उत्तर : त्या भागाला, ज्याला नाकागो म्हणतात, कधीही साफ करू नका. तेलही लावू नका. जपानी तलवारीचे वय ठरवताना जाणकार सर्वप्रथम या गंजाचा रंग आणि पोत पाहतात. शतकानुशतके मुठीच्या लाकडात राहिलेला गंज घट्ट, खोल आणि काळसर असतो. कृत्रिम रीतीने आणलेला गंज लालसर आणि उथळ दिसतो. कारागिराने कानसीने ओढलेल्या रेघांचा कोन, भोकांची संख्या (एकाहून अधिक भोके असतील तर पाते पुढे आखूड केले गेले असण्याचा संभव असतो) आणि सहीच्या अक्षरांच्या कडा या सगळ्या गोष्टी त्या गंजातच वाचायच्या असतात. एकदा तारेचा ब्रश फिरवला की ती नोंद कायमची पुसली जाते आणि पुढे कोणताही तज्ज्ञ ती परत आणू शकत नाही.

नाकागोवर छोटा शिक्का ठोकलेला असेल तर तलवार बहुधा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अधिकाऱ्यांसाठी मोठ्या संख्येने बनवलेल्यांपैकी असेल, पण काही अधिकाऱ्यांनी घराण्यातली जुनी पाती लष्करी मुठीत बसवून घेतली होती, त्यामुळे मुठीवरून निष्कर्ष काढू नये. पाते मोजून पाहा : २ शाकू, म्हणजे सुमारे ६०.६ सेंटिमीटरपेक्षा लांब असेल तर ते काताना किंवा ताची या गटात, १ ते २ शाकूंमध्ये वाकिझाशी आणि त्याहून लहान असेल तर तांतो. चकाकणाऱ्या पात्यावर बोट लागू देऊ नका, कारण घामातल्या मिठाचा डाग काही दिवसांत पोलादात उतरतो. पात्याला पुन्हा झिलई हवीच असेल तर ते काम केवळ जपानी पद्धतीने अनेक वर्षे शिकलेल्या झिलईकाराचे आहे.

प्रश्न : परज नसलेल्या, मुठीला दोन ‘कान’ असलेल्या लांब सुरीवर अरबी लिपीत मजकूर आणि १२३० असा आकडा आहे. कान हस्तिदंती वाटतात.

उत्तर : हे उस्मानी साम्राज्यातले यातागान आहे. आकडा हिजरी सनाचा आहे. हिजरी वर्षाला ०.९७ ने गुणून त्यात ६२२ मिळवले की इसवी सन जवळपास मिळतो : ११९३ अधिक ६२२, म्हणजे १८१५. हिजरी १२३० चा आरंभ डिसेंबर १८१४ मध्ये झाला होता, त्यामुळे १८१४-१५ असे लिहावे. पात्याची धार आतल्या वळणावर आहे ना, हेही पाहून घ्यावे.

कानांसाठी तापलेली सुई टोचण्याची चाचणी कृपया करू नका. छेदावर एकमेकांना तिरप्या छेदणाऱ्या बारीक रेषा दिसल्या तर तो हस्तिदंत, गाभ्याला रवाळ संगमरवरासारखा पोत असेल तर वॉलरसचा दात आणि बारीक काळे ठिपके असतील तर हाड असते. हस्तिदंत निघाल्यास कायद्याचा प्रश्न येतो. धोक्यातील वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करार १९७५ पासून लागू आहे आणि अशी वस्तू सीमेपलीकडे नेण्याआधी दोन्ही देशांचे नियम तपासणे अत्यावश्यक आहे.

प्रश्न : पात्यावर इंग्रजीत ‘इंडिया’ असे कोरले आहे. म्हणजे तलवार जुनी आहे का?

उत्तर : १८९० च्या अमेरिकी जकात कायद्याने आयात मालावर उत्पादक देशाचे नाव इंग्रजीत असणे सक्तीचे केले. असा शब्द असलेली तलवार बहुतेक वेळा त्यानंतर निर्यातीसाठी, शोभेची वस्तू म्हणून बनलेली असते.

प्रश्न : एका भारतीय तलवारीची आणि एका जावानी क्रिसची (खंजिराची) मूठ हलते. इपॉक्सीने पक्की करावी का?

उत्तर : दोन्हींना इपॉक्सी लावू नये. भारतीय मुठीत पात्याचा दांडा लाखेच्या किंवा राळेच्या मिश्रणाने बसवलेला असतो. हे मिश्रण ऊब मिळाली की मऊ होते आणि थंड झाल्यावर पुन्हा घट्ट बसते, म्हणजे केलेली दुरुस्ती पुढे केव्हाही उलटवता येते. मात्र उघडी ज्योत लावल्यास मुठीजवळच्या पोलादाचे पाणी उतरते, म्हणून हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. इपॉक्सी एकदा आत गेली की ती मूठ न फोडता काढणे जवळजवळ अशक्य होते.

क्रिसची मूठ तर अनेकदा केवळ दांड्याभोवती गुंडाळलेल्या कापडाच्या दाबावर बसवलेली असते आणि ती काढता यावी अशीच योजना असते. कापडाचा नवा फेर दिला की पुरे. पात्यावरील नक्षी, जिला पामोर म्हणतात, उठून दिसावी म्हणून जावात पाते परंपरेने आर्सेनिकयुक्त द्रावणाने काळवंडवतात, तेव्हा हाताळताना हातमोजे घालावेत आणि नंतर हात साबणाने धुवावेत. पात्याच्या बुडाशी असलेला आडवा तुकडा वेगळा हलत असेल तर घाबरण्याचे कारण नाही. तो बहुधा मुळातच स्वतंत्र घडवून दांड्यावर ओवलेला असतो.