वॉरंटी कार्ड कोरं, घड्याळात पाणी

प्रश्न : बाबांच्या निवृत्तीला 2 लाख 80 हजारांचं स्विस ऑटोमॅटिक घड्याळ घेतलं, वॉरंटी 2 वर्षांची. 16व्या महिन्यात ते बंद पडलं. सर्व्हिस सेंटर म्हणतं, आत पाणी गेलंय, 42 हजार भरा. शिवाय वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का नाही, तारीख नाही. जीएसटी बिल आहे. काय करू? (एक वाचक, पुणे)

उत्तर : पैसे भरू नका आणि एस्टिमेटवर सहीही करू नका.

कोऱ्या कार्डाची धास्ती सोडा. शिक्का मारणं दुकानदाराचं काम होतं, त्याच्या हलगर्जीपणाचा भुर्दंड तुम्ही का सोसायचा? खरेदीची तारीख बिलावर आहे. कार्डावरचा क्रमांक आणि घड्याळाच्या पाठीवर कोरलेला क्रमांक जुळतो ना, एवढं पाहून दोन्हींचे फोटो ठेवा.

मला खरी काळजी वाटते ती तुम्ही पाठवलेल्या, सर्व्हिस सेंटरने घड्याळ घेताना दिलेल्या जमा-पावतीची. तिच्यावर इतकंच आहे : '1 घड्याळ, बंद'. काच धड होती का, क्राऊन (बाजूची चावी) नीट बसत होता का, झाकण आधी उघडल्याच्या खुणा होत्या का, काही नोंद नाही. मग पाणी तुमच्याकडे शिरलं की त्यांच्याकडे, हे ते कशावरून ठरवतात? दुरुस्तीला दिलेली वस्तू हा कायद्याच्या भाषेत निक्षेप, म्हणजे परत घेण्याच्या बोलीवर दुसऱ्याच्या ताब्यात दिलेली वस्तू. करार अधिनियम 1872च्या कलम 151प्रमाणे, सुज्ञ माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी त्यांनी घ्यायला हवी. म्हणून ईमेलने विचारा : झाकण कधी, कुणी उघडलं? गंज कुठल्या भागावर आहे? फोटो कुठे आहेत?

बाबांनाही विचारा. घड्याळ हातात ठेवून अंघोळ, पोहणं? डायलवर 30 मीटर लिहिलेलं असलं, तरी ते घड्याळ पोहायला नसतं. तसं झालं असेल तर मला आधी सांगा, नंतर समोरच्या वकिलाकडून ऐकायला लावू नका.

ईमेलला उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात जा. 2019च्या ग्राहक संरक्षण अधिनियमामुळे तुम्ही राहता तिथेच, म्हणजे पुण्यात, तक्रार करता येते. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत 2 वर्षं. दुकान, कंपनी, सर्व्हिस सेंटर, तिघांनाही पक्षकार करा. कलम 38खाली घड्याळ तपासणीला पाठवण्याची मागणी करता येईल. तोवर ते कुणालाही उघडू देऊ नका, अगदी ओळखीच्या घड्याळजीलाही नाही.

सर्व्हिस सेंटरकडून घड्याळ परत घेताना पावतीच्या त्यांच्या प्रतीवर स्वतःच्या हाताने लिहा : 'हक्क राखून, दुरुस्तीविना परत घेतले', आणि खाली तारीख.